दोन बर्नर आणि अर्धा शेवगा

“आणि स्वयंपाकघरातले मागचे दोन बर्नर,” सावरगावकर काका म्हणाले. “लिहिलंस का?”

मी लिहिलं. ॲरिझोनात, चँडलरला मी बरीच वर्षं वकिली करते आहे. माझं काम एकच, लोकांची विल करून देणं. मृत्युपत्र म्हटलं की आपली माणसं खुर्चीतून उठायला लागतात, म्हणून मीही विलच म्हणते. या धंद्यात लोक काहीही मागतात. एका गृहस्थांना विलमध्ये जावयाचं नाव हवं होतं, ते फक्त ‘याला काही देऊ नये’ एवढं लिहिण्यासाठी. पण बायकोला बर्नर ठेवणारा नवरा मी पहिल्यांदाच पाहत होते.

काका निवृत्त डॉक्टर. ऐंशी ओलांडली तरी ब्लड प्रेशर माझ्यापेक्षा बरं. त्यांना विल हवं होतं, आणि ते कसं हवं याचा नमुनाही ते सोबत घेऊन आले होते. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज शेतकऱ्याच्या विलची झेरॉक्स.

त्याचं असं झालं होतं. अमेरिकेत येण्याआधी काका इंग्लंडच्या एका आडगावच्या हॉस्पिटलात नोकरीला होते. एका फार्महाउसमध्ये वरची खोली भाड्याने घेऊन राहायचे. निघताना घरमालकिणीने भेट म्हणून ही झेरॉक्स दिली. ज्याने ते घर बांधलं त्या टोबायस नावाच्या शेतकऱ्याचं हे विल. दुसऱ्या कुणी ती केव्हाच रद्दीत टाकली असती. काकांनी ती पोथीसारखी जपली होती आणि त्या शेतकऱ्याचा उल्लेख ते ‘आपले टोबायसराव’ असा करत होते.

टोबायसरावांचा हिशेब सरळ होता. शेत, घर, गुरं, सगळं मोठ्या मुलाला. बायकोला त्याच घरात स्वयंपाकघरावरची खोली, पिसांची गादी, विहिरीपर्यंत जायचा रस्ता, दोन झाडांची सफरचंदं, एका गाईचा चारा आणि चुलीजवळची खुर्ची. सरपण मुलाने दारापर्यंत आणून द्यायचं. बाईंनी दुसरं लग्न केलं तर मात्र सगळं बंद.

काकांनी याचं चँडलरी भाषांतर करून आणलं होतं. घर मुलाला, म्हणजे समीरला. इंदूकाकूंना मागची बेडरूम, मागचे दोन बर्नर, अंगणातल्या शेवग्याच्या निम्म्या शेंगा, पॅटिओवर सांडगे वाळवायचा हक्क आणि टीव्हीसमोरची आरामखुर्ची. गाईच्या जागी कॉस्टको या घाऊक मालाच्या दुकानाची फेरी. समीरने आईला आठवड्यातून एकदा न्यायचं.

“किती बारकाईने विचार केलाय बघ त्या माणसाने,” काका म्हणाले. “आजकाल कोण करतं?”

“काका, समीर राहतो फ्रीमाँटला. तो दर आठवड्याला विमानाने येणार का कॉस्टकोला?”

“ते तू कायद्याच्या भाषेत बसव.”

“आणि काकूंना हे माहीत आहे?”

“सरप्राइज आहे.”

मी पेन खाली ठेवलं. मेल्यानंतर द्यायचं सरप्राइज हा प्रकार आमच्या धंद्यात भांडणाची बोहनी समजला जातो.

आता थोडा कायदा सांगते, जांभया देऊ नका. टोबायसरावांच्या काळी तिकडे लग्न झालेल्या बाईच्या मालकीचं जवळजवळ काही नसायचं. नवरा लिहून ठेवील तेवढं तिचं. म्हणून ते खोली, गादी, खुर्ची सगळं नावानिशी. ॲरिझोनात वेगळं आहे. लग्नानंतर नवरा-बायको जे कमावतात आणि घेतात, ते कम्युनिटी प्रॉपर्टी. साध्या मराठीत, निम्मं तिचं. पगार कुणाच्या नावावर आला हे कुणी विचारत नाही. काकांनी घर इथेच, प्रॅक्टिस चालू असताना घेतलेलं आणि कागदावर दोघांची नावं. म्हणजे काका आपल्या विलमध्ये फार तर आपलं निम्मं घर देऊ शकत होते. बर्नर चार असतील तर त्यातले दोन आधीच काकूंचे होते.

पण हा निम्मा हिस्साही साधा नव्हता. तो समीरला गेला असता तर काका गेल्यावर काकू मुलाबरोबर घराच्या भागीदार झाल्या असत्या. त्या भागीदाराने किंवा त्याच्या बायकोने उद्या घर विकायचं म्हटलं, तर शहात्तराव्या वर्षी काकूंच्या हातात बॅग आली असती. इतक्या वर्षांत अशा बॅगा मी पाहिल्या आहेत.

“काकूंना घेऊन या,” मी म्हटलं. “दोघांचं घर आहे तर विलही दोघांची. दोघांचं काम मी एकटीने करायचं तर मला एकाचं गुपित दुसऱ्यापासून ठेवता येत नाही. नाहीतर त्यांना वेगळा वकील द्या.”

“वेगळा वकील? तिला? अगं, आम्ही काय डिव्होर्स घेतोय?”

दुसऱ्या आठवड्यात काकू आल्या. हातात लिंबाच्या लोणच्याची बरणी. ती माझ्या टेबलावर ठेवून त्यांनी चष्मा लावला आणि काकांचा मसुदा वाचायला घेतला. काका समोर बसून परीक्षेच्या निकालाला आलेल्या मुलासारखे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

काकूंनी शेवटपर्यंत वाचलं. मग पहिलं पान पुन्हा काढलं.

“मीनल, हे घर कुणाचं आहे गं?”

“तुमच्या दोघांचं. निम्मं निम्मं.”

“मग हे माझ्या निम्म्यात मलाच पोटभाडेकरू ठेवतायत होय?”

काका म्हणाले, “अगं, तुझ्या काळजीपोटी...”

“मागचे दोन बर्नर काळजीपोटी? मागे दूध ठेवतात. भाकरी पुढच्या बर्नरवर होते. पन्नास वर्षं खाताय, एवढंही पाहिलं नाहीत?” मग त्यांनी शेवटच्या कलमावर बोट ठेवलं. “आणि हे काय, पुनर्विवाह केल्यास सर्व हक्क संपुष्टात? या वयात मला कोण करतंय म्हणा. पण बंदी कशाला?”

“ते टोबायसरावांचं आहे,” काका पुटपुटले.

“मग त्यांनाच नांदवा.”

मी समीरला स्पीकरवर घेतलं. घर ज्याला मिळणार त्याला निदान विचारावं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“बाबा, आय डोन्ट वॉन्ट द हाउस. आय डोन्ट इव्हन लाइक चँडलर,” तो म्हणाला. “अँड व्हाय डझ आई गेट ओन्ली द बॅक बर्नर्स?”

मला हसू आवरेना. काकूही हसल्या. काका हसले नाहीत. ते झेरॉक्सची घडी घालत होते, पुन्हा उघडत होते. समीरचा फोन ठेवल्यावर ते बोलले, ते माझ्याशी नाही, त्या कागदाशी.

“वडील गेल्यावर आईची वाटणी झाली. सहा महिने थोरल्या भावाकडे, सहा धाकट्याकडे. मी परदेशी, मी पैसे पाठवायचो. तिला खोली नव्हती, ट्रंक होती. एकदा सुटीत गेलो तर चहा करू का म्हणून सुनेला विचारत होती. मग या कागदात वाचलं, की कुणीतरी बायकोसाठी खुर्चीसुद्धा लिहून ठेवली होती. मला वाटलं, आईसाठी कुणी एवढं लिहिलं असतं तर...”

मला गलबलून आलं. इतका वेळ मी या माणसाची मनातल्या मनात टर उडवत होते. वकिलाने डोळे पुसलेले बरे दिसत नाही, म्हणून मी लोणच्याच्या बरणीचं झाकण उगाच घट्ट केलं.

काकूंनी त्यांच्या हातातली झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, “सासूबाईंचं मला माहीत आहे हो. पण त्यांच्या नावावर घर नव्हतं. माझ्या आहे. मला खुर्ची नका देऊ. तुमचा निम्मा हिस्सा द्या, खुर्ची कुठे ठेवायची ते मी बघते.”

यानंतर काम सोपं होतं. दोघांनी आपापला निम्मा हिस्सा एकमेकांना द्यायचा, दोघांच्या पश्चात समीरला. आमच्यात याला स्वीटहार्ट विल म्हणतात. हे सांगितल्यावर काका लाजले. टोबायसरावांची दोन पानं होती, आमची मुख्य कलमं अर्ध्या पानात बसली.

काकांचं विल झालं. काकूंचं टाइप करायला घेतलं तेव्हा त्या म्हणाल्या, “माझ्यात एक अट घाल. माझा हिस्सा ह्यांना मिळावा, पण ह्यांना वरण, भात आणि पोहे करता आले पाहिजेत.”

“काकू, अशी अट कोर्टात कशी तपासणार? जज काही पोहे चाखायला येणार नाहीत.”

“मी आधी गेले तर हा माणूस सुनेला विचारत बसेल, चहा करू का म्हणून. ते मला नको.”

“मग अट नको, नुसती इच्छा म्हणून लिहिते. पण इच्छा कुणावर बंधनकारक नसते.”

“चालेल. लिहून तेवढं ठेव. ह्यांना लिहिलेलंच पटतं.”

मी लिहिलं. दोन साक्षीदारांसमोर सह्या झाल्या. काकांनी ते कलम दोनदा वाचलं आणि निमूटपणे बाहेर जाऊन गाडी सुरू केली.

पुढच्या महिन्यात मूळ प्रती द्यायला मी त्यांच्या घरी गेले. दार काकूंनी उघडलं आणि त्या पुन्हा टीव्हीसमोरच्या आरामखुर्चीत जाऊन बसल्या. आतून फोडणीचा वास येत होता, जरासा करपलेला. काका ॲप्रन लावून बशी घेऊन आले. पोह्यांत मीठ जास्त होतं, शेंगदाणे कच्चे होते.

“पुढच्या बर्नरवर केले,” काका म्हणाले.

विल माणूस गेल्यावरच लागू होतं, हे मी प्रत्येक क्लाएंटला पहिल्याच भेटीत सांगते. काकूंना सांगायचं राहून गेलं होतं. त्यांनी आपलं त्याच आठवड्यापासून लागू केलं.