कासीमभाईला वाचून दाखवलेली पाटी

आता जे सांगतो त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात मी एकतीस वर्षं शिपाई होतो, आणि महापुरात कृष्णेतली मगर नियतकालिकांच्या विभागात येऊन दोन दिवस मुक्कामाला होती, हेही मीच सांगत फिरतो. तेव्हा तुम्ही नुसती मान हलवा आणि ऐका.

भर दुपार आहे. ग्रंथपाल तेजश्री मॅडमनी ग्रंथालयात पुराचं दालन उभं केलंय, उद्या उद्घाटन. फुगून वीट झालेली पुस्तकं, मुलांनी काढलेले फोटो, चिखलातून निघालेलं हजेरीपत्रक, सगळं लांब टेबलावर मांडलंय. आठवणी सांगायला म्हणून मला घरून बोलावून घेतलंय. मॅडम जेवायला गेल्यात. पाण्याची बाटली पायाशी ठेवून मी खुर्चीत रेलतो. वरचा पंखा कुरकुरतो, डोळे जड होतात, आणि पंख्याचा आवाज हळूहळू वल्ह्याचा होतो.

पाणी गुडघ्याला लागतं. कोमट आहे, नुकत्या शिजवलेल्या खळीसारखं. टेबलापलीकडे कासीम अत्तार बसलाय, आमचा बाइंडर. जाऊन तीन वर्षं झाली त्याला. मांडीवर पुस्तक, दातांत दोरा. तिकडे कसं काय चाललंय, मी विचारतो. तो म्हणतो, बरं आहे, पण तिकडे वाळवीच नाही, मग बाइंडरला काम कुठलं.

आम्ही हसतो. हसता हसता दालनाची भिंत सरकते आणि आम्ही जिन्याखालच्या त्याच्या खोलीत असतो. मोरचूद घातलेल्या खळीचा वास येतो. कोपऱ्यात गावच्या जुन्या साप्ताहिकाच्या सव्वीस फाइली उभ्या आहेत, नव्या कापडी पुठ्ठ्यात, कोरड्या ठणठणीत. त्यांची दुसरी प्रत जगात कुठे नव्हती.

त्यानं त्या फाइली वेळेत बांधल्या होत्या. पाणी चढायच्या दोन दिवस आधी माझ्या ताब्यात दिल्या होत्या. माडीवर न्यायचं काम माझं. आणि मी चहाच्या गाड्यावर गप्पा रंगवत बसलो. पुढे चौकशी झाली तेव्हा मी सांगितलं, बांधणी अपुरी होती, फाइली त्याच्याच खोलीत होत्या. माझी नोकरीची दोन वर्षं उरली होती. तो माझ्याकडे बघत राहिला. कॉलेजनं त्याला पुन्हा काम दिलं नाही.

कासीम बोटानं दाखवतो. फाइलींना टेकवून एक पाटी ठेवलीय. उद्या दालनात लागायची तीच. मॅडमनी जुन्या चौकशी अहवालातून मजकूर उतरवलाय.

"वाच की रं, रंगराव. माझा चष्मा वाहून गेला."

पाटीवर लिहिलंय की बाइंडरच्या हलगर्जीपणामुळे या फाइली तळमजल्यावर राहून नष्ट झाल्या. मी घसा साफ करतो.

"बाइंडर कासीम अत्तार यांनी या फाइली वेळेत बांधून दिल्या होत्या."

"अजून?"

"त्यांचा यात काही दोष नव्हता."

जन्मभर माझ्या एकाही थापेला न फसलेला हा माणूस. ह्या एका थापेला फसतो. दातांतला दोरा सोडतो, पाठ सरळ करून बसतो.

"बरं झालं," तो म्हणतो. "उद्या माझी मुमताज यायचीय मिरजेहून. पोरीची नजर चांगली आहे. ती पहिली पाटीच वाचेल."

पाणी छातीला येतं. तो पाण्याखालून माझा हात धरतो, मुठीत काहीतरी कोंबतो. मला त्याला खरं सांगायचं असतं, पण तोंडात पाणी जातं.

मी खुर्चीत जागा होतो. मॅडम खांदा हलवताहेत. माझ्या मुठीत ओली, चिखलानं माखलेली चिठ्ठी आहे. त्या वेळचे ग्रंथपाल गोगटे सर, त्यांचं अक्षर, खाली पाणी चढायच्या दोन दिवस आधीची तारीख: 'रंगराव, कासीमकडून सव्वीस फाइली बांधून मिळाल्या. आजच माडीवर न्या.'

मी मॅडमना सगळं सांगतो, चहाच्या गाड्यासकट. चिठ्ठी कासीमभाईनं पाण्याखालून स्वतःच्या हातानं दिली, हेही सांगतो. पाटी आजच बदला म्हणतो, उद्या त्याची पोरगी येणार.

मॅडम हसत नाहीत. सहा महिने त्या पुराचेच कागद हाताळताहेत. चिठ्ठी टिपकागदावर पसरतात, कडेचा चिखल नखानं खरवडून बघतात. मग पाटीचा पुठ्ठा उचलून उलटा ठेवतात आणि पेनाचं टोपण काढतात.

"मामा," त्या म्हणतात, "ही आत्ता बाटलीतल्या पाण्यानं भिजवलीय. चिखल जुना आहे, आणि घड्या खिशातल्या पाकिटाच्या आहेत. ही तुम्हाला कासीमभाईंनी दिलेली नाही. इतकी वर्षं तुमच्याचजवळ होती."