मी नको म्हटलेलं घड्याळ

काही निळे रंग डोळ्यांना दिसण्याआधी जिभेवर उतरतात. अर्धवट पिकलेल्या जांभळासारखे, किंचित तुरट आणि थंड. मुंबईतल्या एका घड्याळांच्या शोरूममध्ये, काळ्या मखमलीवर ठेवलेल्या एका तबकडीचा रंग अगदी तसा होता. मीनाकामाची तबकडी होती ती. धातूच्या पातळ चकतीवर काचेची पूड पसरायची, भट्टीत भाजायची, पुन्हा पूड, पुन्हा भट्टी, आणि दरवेळी ती तडकून जाण्याचं भय! इतक्या अग्निदिव्यांतून गेलेला रंग असा शांत कसा राहतो, याचं मला नवल वाटलं. तोवर तो मी फक्त फोनच्या पडद्यावर पाहिला होता. गेल्या फेब्रुवारीत पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिला, आणि पाहिला त्याच घटकेला माझ्या मावसबहिणीच्या हातून काढून घेतला. हो, मीच. ते कसं घडलं, हे आज कुणाला तरी सांगायलाच हवं.

मी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा वर्कशॉपमध्ये प्रेशर गेज दुरुस्त करते. बॉयलरवर, रसायनांच्या नळांवर बसवलेली ती गोल मापं तुम्ही पाहिली असतील. तीस वर्षं मी त्यांची झाकणं उघडते आहे. आत एक वाकडी पितळी नळी, दोन दातेरी चाकं, आणि केसाएवढी बारीक एक स्प्रिंग. एकदा कुठल्याशा मासिकात हातघड्याळाच्या पोटाचं चित्र पाहिलं आणि वाटलं, अरे, हे तर आपलंच काम! पण किती सूक्ष्म, किती देखणं, जणू आपल्याच घराण्यातलं कुणीतरी राजवाड्यात दिलेलं! तेव्हापासून जडलेलं हे वेड. जेवणाच्या सुट्टीत पोळीभाजीच्या डब्याशेजारी फोन उभा करायचा आणि त्या वर्षी निघालेली नवी घड्याळं न्याहाळायची. कोणतं नुसतं झगमगतं आणि कोणतं खरोखर घेण्याजोगं आहे, कोणतं पुढच्या पिढीने जपावं असं आहे, याचा मनाशी निवाडा करायचा. शेजारच्या लेथवरचे मिश्राजी हसत विचारायचे, "दीदी, लेना है कि सिर्फ देखना है?" मी म्हणायची, देखना है. सालवडच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या बाईने दुसरं काय म्हणावं? पण पाहण्याचाही एक अभिमान असतो. ज्यांच्या हातांवर ती घड्याळं आहेत त्यांच्यापेक्षा मला त्यांतलं अधिक कळतं, या एका जाणिवेवर मी कितीतरी वर्षं सुखाने काढली.

कुंदा माझी मावसबहीण, माझ्याच वयाची, एडवणची. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर तिची वाडी. विड्याच्या पानांचे मांडव, केळी, मोगरा, मधे विहीर. चार वर्षांपूर्वी तिने वाडीतच पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या आणि बघता बघता शहरातली माणसं शनिवार-रविवारी तिच्या हातचं जेवायला येऊ लागली. कुंदाचं असंच. लहानपणी सुट्टीत मी तिच्याकडे जायची तेव्हाही समुद्र तिला आधी ओळख द्यायचा. मी काठावर गुडघाभर पाण्यात उभी आणि ती लाटेच्या पलीकडे. तिने कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही, आणि काही मिळालं नाही असंही आठवत नाही. मला तिचा हेवा वाटतो, असं मी चारचौघांत हसत हसत पुष्कळदा म्हटलं आहे. हेवा हसत सांगता येतो. मत्सर मात्र सांगता येत नाही, आणि तो माझ्याजवळ होता हे मला ठाऊक नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत तिच्याकडचा एक पाहुणा आपलं महागडं घड्याळ विहिरीच्या कठड्यावर विसरून गेला. घरी पोहोचल्यावर त्याचा कासावीस होऊन फोन आला. पुढच्या शनिवारी येऊन नेतो, तोवर सांभाळा म्हणाला. तिसऱ्या दिवशी सकाळी कुंदाचा मला फोन.

"शैले, मेलं गं! पावन्याचं घड्याळ माज्याकडे मेलं!"

"कुठे ठेवलं होतंस?"

"तांदळाच्या डब्यात. कोनाच्या नजरेला पडायला नको म्हनून."

मला हसू आवरेना. मी तिला समजावलं, अगं, ते मेलेलं नाही, ते हाताच्या हालचालीवर चालतं. त्याला ना सेल, ना रोजची चावी. मनगटावर घाल आणि आपल्या कामाला लाग. ते घालून तिने चार दिवस पानं खुडली, केळीचे घड उतरवले, पाहुण्यांची ताटं वाढली. शनिवारी ते परत दिल्यावर तिचा पुन्हा फोन आला, आणि या वेळी आवाज अगदी हळवा. "शैले, ते मानसासारखं होतं गं. आपन हललो तर तेपन हलायचं. आता हात रिकामा वाटतो. मला बी असलं एक घेयाचं हाय. या वर्षी जमेल मला. तुला त्यातलं कळतं, तू चल माज्यासंगत."

मी आनंदाने हो म्हटलं. आनंदानेच, असं तेव्हा वाटलं होतं. दोन महिने मी तिला फोनवर शिकवत होते. नव्या घड्याळांतली कोणती निव्वळ नावावर विकली जातात, कोणत्या कारखान्यात अजून माणसं हाताने चाकांच्या कडा घासून उजळतात, मागच्या काचेतून आतलं यंत्र दिसण्यात काय सुख आहे. ती ऐकायची, मधेच कुणा पाहुण्याला चहा विचारायची, परत ऐकायची. एक घड्याळ सोडून सगळ्यांविषयी मी बोलले. त्या निळ्या तबकडीच्या घड्याळाविषयी अवाक्षर काढलं नाही. मोजकेच नग काढले होते त्याचे. ते मी माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. कशाच्या बळावर? कसल्याच नाही!

कुंदाने स्वतः गाडी चालवत मला नेलं. शोरूममधल्या बाईंनी हातमोजे चढवून मखमलीवर एकामागून एक सहा घड्याळं मांडली आणि सगळ्यांत शेवटी, अगदी कडेला, ते ठेवलं. मी श्वास घेईपर्यंत कुंदाचा हात तिकडे गेलासुद्धा. मी काही सांगितलेलं नसताना, काही ठाऊक नसताना! वर्षानुवर्षांच्या अभ्यासाने मी ज्याच्यापर्यंत पोहोचले होते, तिथे तिचा हात एका क्षणात आपसूक गेला. तिने ते मनगटावर ठेवलं. उन्हाने रापलेल्या त्या कातडीवर तो निळा रंग असा उमलला की शोरूमच्या बाईसुद्धा, "वा!" म्हणाल्या.

"कुंदे, हे नको," मी म्हटलं.

"का गं?"

"याला रोज सकाळी चावी द्यावी लागते. पाणी चालत नाही. मीनाकामाला धक्का सोसत नाही, एकदा तडकलं की तडकलं. तुझे हात दिवसभर ओले, कधी पंपावर, कधी मांडवात."

"पन बरं दिसतंय ना?"

"दिसायला बरं आहे. तुझ्याकडे टिकायचं नाही."

यातला शब्द न् शब्द खरा होता, कुठल्याही जाणकाराने हेच सांगितलं असतं. आणि तरीही आयुष्यात याहून मोठं खोटं मी बोललेली नाही. सत्य इतकं निर्दयपणे कामाला लावता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. कुंदाने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि निजलेलं मूल अंथरुणावर ठेवावं तसं ते अलगद मखमलीवर ठेवून दिलं. "तू सांगशील ते," ती म्हणाली. मी तिला एक दणकट पोलादी घड्याळ निवडून दिलं. हिरवी तबकडी, खोल पाण्यातही चालणारं, हालचालीवर चालणारं. चांगलं होतं. उत्तम होतं. ती पैसे भरायला पलीकडे गेली तेव्हा मी ते निळं घड्याळ उचलून त्याला चावी दिली. बोटांच्या टोकांना आतल्या दात्यांची ती बारीक कुरकुर जाणवली, सेकंदाचा काटा चालू लागला, आणि माझ्या मनात एकच विचार आला. तिला मिळालं नाही.

पुढचे महिने कुंदा ते पोलादी घड्याळ मिरवत राहिली. मोगरा खुडताना, मासे साफ करताना, विहिरीत उतरलेल्या पंपवाल्याला वरून दोर देताना ते तिच्या हातावर असायचं. पाहुण्यांना सांगायची, "माज्या बहिनीनं निवडून दिलं. तिला यातलं सगळं कळतं." मला वाटलं होतं, दुसऱ्या क्रमांकाचं घड्याळ घालणाऱ्या कुंदाकडे मी निश्चिंत मनाने पाहू शकेन. कसलं काय! तिने त्या घड्याळावर इतकं निर्मळ प्रेम केलं की मला आता त्याचाही हेवा वाटू लागला. एखादी वस्तू आपण दुसऱ्याला मिळू देत नाही, तेव्हा ती वस्तू मिळाल्यावर होणारा आनंदही आपण अडवला असं आपल्याला वाटतं. पण आनंद काय त्या एकाच वस्तूची वाट पाहत बसलेला असतो? तो दुसऱ्या दाराने आत येतो आणि आपण पहिल्या दाराशी पहारा देत उभे! एडवणला जाणं मी हळूहळू कमी केलं. कामाची सबब होतीच, वसाहतीत कारखाने बंद ठेवून वार्षिक दुरुस्ती निघाली होती.

मेच्या एका दुपारी डबा खाताना फोनवर वाचलं की त्या निळ्या घड्याळाचे सगळे नग संपले, पुन्हा निघणार नाहीत. मला काय वाटलं असेल? दुःख? नाही हो. माझ्या खांद्यांवरून ओझं उतरलं. आता कुंदाला ते कधीच मिळणार नाही! जगात कुठेतरी काही अनोळखी मनगटांवर ते चालत होतं, आणि त्या मनगटांविषयी माझ्या मनात तिळमात्र असूया नव्हती. असूया नेहमी ओळखीच्या मनगटांचीच असते. हा विचार मनात आला आणि हातातला घास मी डब्यात परत ठेवला. जिने मला पोहायला शिकवायचा कितीदा प्रयत्न केला, माझ्या आईच्या आजारपणात जी महिनाभर माझ्या दोन खोल्यांत येऊन राहिली, तिच्या वाट्याला एक सुंदर गोष्ट येणार नाही म्हणून मी भरल्या दुपारी सुखावले होते! मिश्राजींनी विचारलं, "तबीयत ठीक है, दीदी?" मी उठले, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि एडवणला निघाले.

कुंदा पडवीत विड्याच्या पानांच्या जुड्या बांधत बसली होती. मला पाहून म्हणाली, "इतक्या दिवसांनी वाट सापडली?" मी खाली बसलेही नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. ते घड्याळ मला हवं होतं, मला मिळणार नव्हतं, म्हणून तुला मिळू दिलं नाही. तुझ्या ओल्या हातांची, पंपाची सगळी कारणं खरी होती, पण मी ती खोट्यासाठी वापरली. आणि आता ते संपलं, आता तुला ते कधीच मिळायचं नाही.

ती पान पुसत राहिली. मग म्हणाली, "मला तितंच कळलं होतं, शैले."

"काय?"

"तू नको नको बोलत होतीस, पन तुजी नजर त्याच्यावरनं हलत नव्हती."

"मग घेतलं का नाहीस? तुझे पैसे, तुझी हौस!"

"घेतलं असतं तर तू माज्याकडे आली नसतीस. आली असतीस तरी माज्या हाताकडं बगत बसली असतीस, माज्याकडं नाय."

यावर माझे डोळे भरून यायला हवे होते. आला तो राग! म्हणजे हिने माझ्यावर दया केली? मी चोरून नेलं असं मला वाटत होतं, ते हिने समजून उमजून सोडून दिलं होतं? इतके महिने मी ज्या पापाचं ओझं वाहत होते, तेही शेवटी तिच्याच औदार्यात जमा? घड्याळाचा मत्सर तरी परवडला. आता हिच्या मनाचाही मत्सर करायचा! मी पिशवी उचलली आणि पायऱ्यांकडे वळले.

"बस गं," ती मागून म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदाच थोडी धार होती. "रागावायचं असेल तर मी रागावेन. तू मला ते धड बगू पन नाय दिलंस. मलापन वाईट वाटलं होतं, घरी येऊन रडले मी. आता बस, आनि कसं होतं ते नीट सांग. सगलं सांग."

ती रडली होती. या एका वाक्याने मला खाली बसवलं. माझ्यापेक्षा मोठी होऊन ती उंचावर बसलेली नव्हती. तिलाही ते हवं होतं, तिलाही दुखलं होतं, आणि ते दुखणं बाजूला ठेवून ती माझं कौतुक पाहुण्यांना सांगत राहिली होती.

मी सांगू लागले. सुरुवातीला अडखळत, मग ओघाने. भट्टीतून पाच-सहा वेळा निघालेल्या त्या तबकडीविषयी, गवताच्या पात्यांसारख्या निमुळत्या काट्यांविषयी, मागच्या काचेतून दिसणाऱ्या, श्वासासारख्या आत-बाहेर होणाऱ्या त्या इवल्या स्प्रिंगविषयी. कुंदा जुड्या बांधायची थांबली. मधेच विचारी, "आनि चावी देताना कसं लागतं बोटाला?" मी तिची बोटं धरून दाखवलं. बाहेर ऊन कललं, केळींतून वारा आला, कोणा पाहुण्याने लांबून हाक मारली ती तिने ऐकली न ऐकलीशी केली. आणि सांगता सांगता माझ्या ध्यानात आलं की डोळ्यांपुढे मी जे मनगट धरून बोलत होते, ते माझं नव्हतंच. ते तिचं होतं, रापलेलं, रुंद हाडाचं, आणि त्याच्यावर ते घड्याळ विलक्षण शोभत होतं. इतकं शोभत होतं, की खरं सांगते, आत कुठेतरी दुखलंच. पण मी बोलणं थांबवलं नाही.