दोन महिन्यांची पाहुणी

ती खुर्चीत पूर्ण बसलेली मी कधी पाहिली नाही. खुर्चीच्या कडेवर टेकायची, पाय दाराकडे, खांद्यावरची बॅग खांद्यावरच. चहा दिला तर उभ्यानं प्यायची. माझ्या क्लासवर शिकवायला आली त्या पहिल्या दिवशी मी म्हटलं, "अवं, बॅग तरी ठेव." तर म्हणाली, "नाही ताई, मी दोनच महिने आहे." इंग्रजीत एम.ए.चा निकाल नुकताच लागला होता आणि बाईसाहेब परदेशात इंग्रजी शिकवायला निघाल्या होत्या. कुठे, ते अजून ठरायचं होतं. त्याच दिवशी मी तिचं नाव पाहुणी ठेवलं. ही पाहुणी माझ्याकडे दोन वर्षं राहिली.

नागपूरच्या प्रताप नगरात एका औषधाच्या दुकानाच्या वर माझा इंग्रजी बोलण्याचा क्लास आहे. हिंगण्याच्या कारखान्यात सुपरवायझर व्हायची आस असलेले कामगार येतात, पोराच्या शाळेत मॅडमशी बोलायला घाबरणाऱ्या आया येतात. मी त्यांना फळ्यावर काळ शिकवायचे. वर्तमान, भूत, भविष्य, सगळं कसं जागच्या जागी. पाहुणीनं आल्या आल्या बाकं भिंतीला लावली आणि सगळ्यांना उभं केलं. एकाला भाजीवाला केलं, एकीला गिऱ्हाईक, आणि घासाघीस इंग्रजीत. असा गलका झाला की खालचा औषधवाला वर बघायला आला. मी चिडलेच. "हा क्लास आहे का कॉटन मार्केटची भाजीमंडी?" ती म्हणाली, "ताई, बसून कोणी बोलाले शिकते काय?" मी मागे वळून पाहिलं. माझ्या वर्गात वर्षभर मुक्यासारखी बसलेली एक बाई कोथिंबिरीच्या जुडीवरून तावातावानं भांडत होती.

तिच्या पायाला भिंगरी होती म्हणा ना. शिकवताना ती खोलीभर फिरायची आणि बोलता बोलता खिडकीशी जाऊन थांबायची. सोनेगावचं विमानतळ आमच्यापासून जवळ. विमान डोक्यावरून गेलं की वाक्य अर्धवट सोडून वर बघायची. "तुमचं बरं आहे ताई," असं मग माझ्याकडे वळून म्हणायची, "तुम्हाले कुठं जायचं नाही." मला राग यायचा. जायचं नाही म्हणजे काय? मला कोणी विचारलं होतं का कधी? पण हे तिला काय सांगायचं. मी म्हणायचे, "तू जा बापा एकदाची, म्हणजे माझी बाकं जागेवर येतील."

जाणं मात्र सोपं नव्हतं. ती मिळेल त्या देशातल्या शाळांना अर्ज धाडायची आणि बहुतेक जाहिरातींत एकच अट असायची, इंग्रजी मातृभाषा असलेलेच हवेत. काही शाळा आधी फोटो मागायच्या आणि फोटो गेला की गप्प व्हायच्या. दर नकारानंतर ती जिना उतरून चौकापर्यंत तरातरा चालून यायची आणि पुढचा अर्ज लिहायला घ्यायची. रडायची नाही, चिडायची नाही, फक्त चालायची. तिच्या चपला फार लवकर झिजायच्या.

शेवटी थायलंडमधल्या एका शाळेनं व्हिडिओवर नमुन्याचा धडा घ्यायला सांगितलं. तिकडचं घड्याळ पुढे, म्हणून सकाळी सकाळी माझ्या क्लासमध्ये ती फोन लावून उभी राहिली. मी दाराशी पहाऱ्याला. धडा सुरू झाला आणि खालून भोंगा आला, "कांदेऽ, बटाटेऽ, लसूण घ्याऽ." मी खिडकी लावायला धावले. हिनं काय करावं? फोन उचलून सरळ गॅलरीत गेली, हातगाडी दाखवली, आणि कांद्या-बटाट्यांवरच धडा घेतला. वरून भाजीवाल्याला भाव विचारला, त्याचं उत्तर पलीकडच्यांना इंग्रजीत सांगितलं, त्यांच्याकडून म्हणवून घेतलं. पलीकडचे हसत होते. आठवड्यात त्यांचं पत्र आलं, आम्ही तुम्हाला घेतो.

आता तिच्या बाबांबद्दल सांगायला हवं. काका हिंगण्याच्या एका कारखान्यात मशीनवर. उंच, किरकोळ अंगाचे, कमी बोलणारे. कंपनीच्या बसनं जायचे-यायचे आणि बसमधली माणसं हीच त्यांची इतक्या वर्षांची मित्रमंडळी होती. शाळेचं पत्र आलं त्या दिवशी हा कमी बोलणारा माणूस बसमध्ये पेढे वाटत सुटला. "बुद्धाच्या देशात चालली आपली पोट्टी, शिकवाले." पाहुणी म्हणाली, "बाबा, व्हिसा तर येऊ द्या." काका म्हणाले, "येते ना वं. तो काय पळून जाते काय?" त्यांच्या वस्तीतल्या विहाराच्या मंडळानं पुढच्याच रविवारी सत्कार ठेवला. आमच्याकडे चांगलं काही घडलं की सत्कार थांबत नाही, माणूस थांबला तरी चालतो. मीही गेले होते. वंदना झाली, शाल दिली, फुलं दिली. भाषणं तर किती झाली. काका पहिल्या रांगेत नवा शर्ट घालून बसले होते आणि टाळ्या वाजल्या की मान खाली घालायचे. शेजारच्या काकूंनी जवसाची चटणी डब्यात भरून आणली होती, तिकडे जेवण गोड लागणार नाही म्हणून. बाजारात तुरी, असं माझ्या मनात आलं, पण काकांचा चेहरा पाहून मीही टाळ्याच वाजवल्या.

व्हिसासाठी शाळेकडून कागद यायचे होते, ते आले नाहीत. आधी म्हणाले, थांबा. मग म्हणाले, पुढच्या सत्राला बघू. निरोप घेऊन झालेली पोरगी नागपुरातच राहिली.

आता बघा, नागपुरात उन्हाळ्यात पोरी डोळे तेवढे सोडून अख्खं तोंड स्कार्फनं गुंडाळतात, त्याचं कोणाला नवल नाही. ही आभाळ गच्च भरलेलं असतानाही गुंडाळायला लागली. पण तोंड लपलं तरी चाल कशी लपणार? तेवढ्या घाईनं चालणारी दुसरी कोणी नव्हती आमच्याकडे. किराणावाला हटकून विचारायचा, "काय मॅडम, गेल्या नाही काय अजून?" मी एकदा वैतागून म्हटलं, "काहून वं तोंड लपवून राहिली? चोरी केली काय तू?" ती म्हणाली, "चोराचा सत्कार नाही करत ना ताई कोणी."

स्कार्फचं तरी ठीक होतं. एक दिवस क्लास सुटल्यावर ती खिडकीशी उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, बाबानं बस सोडली. स्कूटरनं जाऊन राहिले हिंगण्याले." मी म्हटलं, "त्यांची तर पाठ दुखते ना?" "दुखते. पण बसमध्ये रोज विचारतात ना सगळे. बाबानंच पेढे वाटले होते." मग खिडकीचा गज धरून म्हणाली, "मी गेली नाही त्याचं एवढं नाही ताई. पण ती बस... सकाळी बसच्या आधी अर्धा तास जाऊन उभे राहायचे बाबा, गप्पा माराले." त्या पोरीला मी तेव्हा पहिल्यांदा रडताना पाहिलं. आणि त्यानंतर तिचं जाणं म्हणजे नुसती तिची हौस राहिली नाही. बाबांना त्या बसमध्ये पुन्हा बसवायचं होतं तिला.

शाळेचा शेवटचा निरोप महिन्याभरानं आला. पालकांची इच्छा आहे की इंग्रजी मातृभाषा असलेलाच शिक्षक असावा, आपल्याला शुभेच्छा. ती त्या दिवशी चौकापर्यंत नाही, पार धरमपेठेपर्यंत चालत जाऊन आली. आली ती नवा अर्ज लिहायला बसली, म्हणजे टेकली, आणि पहिलीच ओळ लिहिली की माझी मातृभाषा मराठी आहे, इंग्रजी मी शिकून शिकले, आणि तुमची मुलंही तशीच शिकणार आहेत. मी कपाळाला हात लावला. "खोट कोणी पहिल्या ओळीत लिहिते काय?" ती म्हणाली, "खोट कुठं आहे ताई? ज्याले जन्मापासून येते, त्याले न येणाऱ्याचं काय समजते?" मी इतकी वर्षं हाच धंदा करते, आणि हे वाक्य मला कधी सुचलं नव्हतं.

त्या अर्जालाही नकार आलेच, पुष्कळ आले. पण एक दिवस थायलंडमधल्याच दूरच्या एका लहान गावातून तिथल्या मुख्याध्यापिकेचा फोन आला. बाई स्वतः मोठ्या वयात अडखळत इंग्रजी शिकलेल्या. म्हणाल्या, तुमची पहिली ओळ मी आमच्या शिक्षकांना वाचून दाखवली. या वेळी कागद आले, व्हिसा आला, तिकीट आलं. आणि या वेळी तिच्या घरानं अवाक्षर काढलं नाही. आईनं दार लावून बॅग भरली. विहारात कोणाला माहीत नाही, बसवाल्यांना नाही, शेजारच्या काकूंनासुद्धा नाही. मला सांगितलं तेही जिन्यात, हळूच.

विमानतळावर तिचे आईबाबा आणि मी, एवढेच. मी घरून किती काय काय बोलायचं ठरवून गेले होते. तिनं मला घाईघाईनं मिठी मारली, "येते ताई, जयभीम," म्हणाली, आईबाबांच्या पाया पडली आणि तरातरा आत गेली. वळूनसुद्धा पाहिलं नाही कार्टीनं. मला इतका राग आला, आणि इतकं रडू आलं, की कशाला आधी वाट द्यावी ते कळेना. उद्या क्लासमध्ये गेल्यावर बाकं जागेवर लावायची, की तशीच भिंतीला राहू द्यायची, एवढा एकच विचार डोक्यात घोळत होता.

तिच्या आईला ऑटोत बसवून दिलं. काका जागचे हलेनात. मी म्हटलं, "काका, चला आता, गेली ती आत." ते म्हणाले, "थांबा मॅडम. विमान उडू द्या." बाहेरच्या भिंतीशी आम्ही दोघं उभे राहिलो. भर उन्हात. विमान वर चढलं, वळलं, लहान होत होत दिसेनासं झालं, तरी काका कपाळावर हात धरून बघतच होते.

मी डोळे पुसून म्हटलं, "आता तरी सांगा काका सगळ्यांना."

त्यांनी हळूहळू हात खाली घेतला. "नाही मॅडम," ते म्हणाले. "सांगत नाही कोणाले. उद्यापासून बसनं जातो. कोणी विचारलं, तं सांगीन."