आतोबांची उकळती वाळू

काशीत राहून मोक्षाची इच्छा न धरणारा एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आतोबांना हवी होती धूर न ओकणारी भट्टी. विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते. मंगला गौरी घाटाच्या पायऱ्यांवर संध्याकाळी डोळे मिटून बसत तेव्हा लोकांना वाटे, जप चाललाय. ते मनातल्या मनात कोळसा जाळत असायचे. एकदा भातावर तुपाऐवजी चुनखडीची पूड घेणार होते, आत्याने वेळेवर हात धरला.

नव्वदच्या दशकात कधीतरी बातमी आली की कमी प्रदूषण करून कोळशावर वीज बनवण्याच्या संशोधनाला सरकार मदत देणार आहे. आतोबांनी अर्ज धाडला आणि छतावर लोखंडी पिंप चढवलं. त्यात गंगेपलीकडची वाळू, मूठभर चुनखडी. खालून पंख्याने वारा सोडला की तापलेली वाळू दुधासारखी उकळायची, तिच्यात कोळसा जळायचा आणि त्यातला गंधक चुनखडी धरून ठेवायची. "बघ, कशी नाचतेय!" असं म्हणत ते तासन्‌तास बघत राहायचे. आत्याचे पापड छतावरून कायमचे उठले.

दिल्लीहून दोन साहेब पाहणीला आले. वाळू उसळणार तोच बत्ती गेली.

"बिजली कब आएगी?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"वही तो बनानी है, साहब!" आतोबा म्हणाले.

साहेब खो खो हसले. आत्याने चूडा-मटर, म्हणजे तिथले मटार घातलेले पोहे, खायला घातले. बत्ती आल्यावर मोठे साहेब अर्धा तास पिंपापासून हलले नाहीत.

मदत मंजूर झाली, पण दूरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेला. आतोबांच्या प्रयोगाची 'नोंद घेतली' होती. आत्या रडली. तिसऱ्या दिवशी आतोबांनी पिंप खाली उतरवलं.

काही वर्षांनी त्या प्रयोगशाळेत तयार झालेली तशीच भट्टी लोकांना दाखवू लागले, तेव्हा आतोबा मला घेऊन गेले. जाड काचेआड वाळू उकळत होती. त्यांना न ओळखणारा एक तरुण इंजिनीअर सगळं समजावत होता आणि आतोबा विद्यार्थ्यासारखे वहीत टिपून घेत होते. बाहेर आल्यावर मी चिडले, "तुम्ही सांगितलं का नाही त्याला?"

"अगं, किती रंगून सांगत होता! मी बोललो असतो तर थांबला असता." मग हळूच म्हणाले, "परत एकदा ऐकू या का?"

आम्ही पुन्हा रांगेत जाऊन उभे राहिलो.