गॅरेजमधला खालचा सूर

परवा फोनवर धाकटीने विचारलं, की आजोबा आंघोळ करताना जे इंग्रजी गाणं म्हणतात ते मध्येच का थांबतं. ते थांबत नाही. तिथली ओळ तिघांनी मिळून म्हणायची असते आणि आजोबा बाकीच्या दोघांसाठी जागा सोडतात. हे नीट कळायला शेजारच्या गॅरेजपासून सुरुवात करावी लागेल, म्हणून क्रमाने लिहिते.

इथे कॅनडात विंडसरला आम्ही घर घेतलं तेव्हा शेजारी इथलंच एक जोडपं राहत होतं. आजोबा काम करायचे त्याच मोटारींच्या कारखान्यात नवरा इलेक्ट्रिशियन होता. त्यांच्याकडे लाल पिकअप ट्रक होता, म्हणून तुमची आई लहानपणी त्यांना ट्रककाका म्हणायची आणि त्यांच्या बायकोला ट्रककाकू. पुढे आम्हीही घरात तेच म्हणू लागलो. ट्रककाका आजोबांना सकाळच्या शिफ्टला आपल्या ट्रकमधून न्यायचे. वाटेत नदीपलीकडच्या, अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या रेडिओवर त्यांच्या आवडत्या बँडची गाणी लागायची. गिटार, बँजो, मागे ड्रमचा ठेका आणि लांबचे रस्ते, शेतं, घरी परतणारी माणसं असल्या साध्या गोष्टी. याला इकडे कंट्री रॉक म्हणतात. ट्रककाकांचा नियम होता, की या ट्रकमध्ये बसायचं तर गावं लागेल. आजोबांनी ऐकलं, कारण बसने जायचं म्हणजे बर्फात उभं राहायचं.

त्या बँडची खुबी अशी, की तिघं एकाच वेळी तीन निरनिराळ्या सुरांत गायचे. एकाचा सूर मधला, म्हणजे गाण्याची खरी चाल. एकाचा त्याच्या वर आणि एकाचा खाली. शनिवारी दुपारी ट्रककाकांच्या गॅरेजचं शटर वर जायचं. मग काकू वरचा सूर धरायच्या, काका खालचा, आणि आजोबा मधला, कारण त्यांना तेवढाच जमायचा. मी शेजारी आमच्या डेकवर, म्हणजे लाकडी ओट्यावर, कपड्यांच्या घड्या घालत ऐकायची. माझा आवाज भरड. शाळेत गाण्याच्या बाईंनी मला कायम तंबोऱ्यावरच बसवलं होतं, त्यामुळे गाणं हे आपलं काम नव्हे हे मी फार पूर्वी ठरवून टाकलं होतं.

आपल्याकडे सगळे एकाच सुरात गातात. एकदा आमच्या बेसमेंटमधल्या गणपतीला काका-काकू आले होते. आरती सुरू झाली आणि शब्द येत नसताना काकूंनी नुसत्या 'आ'काराने वरचा सूर लावला. पुढच्या रांगेतल्या एका मावशींनी मागे वळून त्यांच्या हातावर हात ठेवला आणि आपला सूर दोनदा ऐकवला, चुकलेल्या मुलीला ऐकवावा तसा. काकूंनी मान डोलावली आणि पुन्हा वरच गेल्या. मोदक खाताना त्या मला म्हणाल्या, की तुमच्या मैत्रिणीने मला शिकवायचा खूप प्रयत्न केला हो, पण मी ढ निघाले.

आता दोन हजार सालानंतरचं सांगते. तुमची आई लग्न करून पुण्याला गेली होती आणि आजोबा आणि काका दोघेही रिटायर झाले होते. एका हिवाळ्यात काकूंनी बातमी आणली, की तो बँड उन्हाळ्यात जवळच्या गावच्या जत्रेत गाणार आहे. त्यांनी आम्हां चौघांची तिकिटं काढून आमच्याच फ्रीजवर लावली, कारण माझ्याकडे काही हरवत नाही असं त्या म्हणायच्या. बर्फ वितळायच्या आत काकू गेल्या. दुखणं फार दिवसांचं नव्हतं.

त्यानंतर गॅरेजचं शटर वर गेलं नाही. ट्रककाका लॉन कापायचे, हात हलवायचे आणि घरात जायचे. दूर कॅल्गरीला मुलीकडे कायमचं जायचं त्यांच्या मनात आहे, हेही कानावर आलं. शनिवारी दुपारी आजोबा उगाच घरासमोरचा ड्राइव्हवे झाडायचे. झाडायला तिथे काही नसायचं. त्यांचा इथला पहिला मित्र चालला होता, आणि त्याला थांब कसं म्हणायचं ते त्यांना सुचत नव्हतं.

मला वाटलं, वरचा सूर कोणीतरी धरला तर गाणं परत सुरू होईल. मी भांडी घासताना सीडी लावून तो सूर शिकायला बसले. दोन ओळी धड जायच्या आणि तिसरीला मी घसरून मूळ चालीवर यायची, त्या मावशींना बरं वाटावं तशी. शिवाय वर गेलं की माझा आवाज फाटायचा. आजोबा म्हणाले, "तू गातेस का प्रेशर कुकरला उत्तर देतेस?" मी म्हटलं, "अहो, तुम्ही टेबल पुसा."

एके दिवशी ट्रककाका माझा डबा परत द्यायला मागच्या दाराशी आले होते. खिडकी उघडी होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी सीडी बंद केली. डबा कट्ट्यावर ठेवून ते अगदी हळू म्हणाले, "तो सूर तिचा आहे. राहू दे तो."

मी पुन्हा त्याचं नाव काढलं नाही.

जत्रेला यायला ट्रककाका तयार नव्हते. मग आजोबांनी आपल्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं निमित्त पुढे केलं. डोळे नवे आहेत, अंधार पडल्यावर परतायचं म्हणजे हायवेवर कसं जमेल, गाडी कोण चालवणार. डोळे तर केव्हाच बरे झाले होते आणि ट्रककाकांनाही ते माहीत होतं. तरी ते ट्रक घेऊन आले. मागे घडीच्या खुर्च्या त्यांनी सवयीने चार टाकल्या होत्या. चौथीवर मी चिवड्याचा डबा आणि चहाचा थर्मास ठेवला.

गुरं, ट्रॅक्टर, घरचे ॲपल पाय विकणाऱ्या बायका, आणि त्यापलीकडे मैदानात स्टेज. आमच्याच वयाची माणसं टोप्या घालून बसली होती. बँडमधल्या तिघांपैकी दोघंच आले. वरचा सूर लावणारा गेल्याला बरीच वर्षं झाली होती. आजोबांच्या लाडक्या गाण्यात तिघांची ओळ आली तेव्हा दोघांतला एकजण माइकपासून मागे सरला आणि त्याने हात लोकांकडे केला. सगळं मैदान वरच्या सुरात गाऊ लागलं. ती ओळ कुठे येते हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं.

मी ट्रककाकांकडे पाहिलं. त्यांनी आयुष्यभर खालचा सूर धरला होता. त्यांनी तोंड उघडलं आणि काकूंचा वरचा सूर लावला. बारीक, चिरका, जागोजागी तुटणारा, पण तोच. आजोबांनी त्यांच्याकडे न बघता आपली चाल घट्ट धरून ठेवली.

आणि आमच्यात खाली कोणी नव्हतं. गाण्याच्या घराला गच्ची होती, मधला मजला होता, तळमजला नव्हता. मी विचार केला नाही. इतकी वर्षं दर शनिवारी घड्या घालताना जो ऐकला होता तो खालचा सूर मी गाऊ लागले. तो माझ्या भरड गळ्यात असा बसला, की मला घसरायला जागाच राहिली नाही. निदान मला तरी तसं वाटलं.

 परतताना मी ट्रकच्या मागच्या सीटवर थर्मास मांडीवर घेऊन बसले होते. विंडसरचे दिवे दिसायला लागले तेव्हा ट्रककाका आरशातून माझ्याकडे बघून म्हणाले, "शेवटच्या ओळीला खालचा सूर वर पळतो. शनिवारी या, नीट बसवू."

आजोबा खिडकीबाहेर बघत उगाच खाकरले.

शनिवारी जेवणं झाल्यावर मी नेहमीसारखी कपड्यांची टोपली घेऊन डेकवर गेले. शटर वर जाण्याचा आवाज आला. मी टोपली तिथेच ठेवली आणि तुमच्या आजोबांना हाक मारली, पण ते आधीच शेजारी पोचले होते.