परीक्षेपुरतं पाणी

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना रुग्णाची सेवा करण्याचे चौदा इंग्रजी शब्द मला तोंडपाठ होते. अटेंड, ट्रीट, नर्स, केअर, ड्रेस, सपोर्ट, अ‍ॅडमिनिस्टर. वेणी घालतानाही मी ते पुटपुटायची. निलंग्याजवळच्या आमच्या गावात या सगळ्याला एक 'करणं' पुरायचं. सासूचं सुनेनं सगळं केलं, असं म्हटलं की त्यात औषध, अंघोळ, भरवणं आणि वर शिव्या खाणंही आलं. पण परीक्षेत हात जे करतील ते तोंडानं इंग्रजीत सांगत जायचं, असा आमच्याकडं नेम होता. आदल्या खेपेला मी त्यातच नापास झाले होते. या वेळी नापास झालीस तर सरळ घरी ये, स्थळ बघून ठेवलंय, असं वडिलांचं पत्र आलं होतं.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि पाऊस सलग दुसऱ्या वर्षी फिरकला नव्हता. आमच्या दवाखान्याचा नळ दोन-दोन दिवस कोरडा असायचा. परीक्षेच्या दिवशी माझ्या वाट्याला किल्लारीकडची एक म्हातारी आली. टायफॉइडचा ताप, अंगात त्राण नाही. तिचा मुलगा नव्या कचेरीच्या बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली होता. पहाटे कुठून तरी कळशीभर पाणी आणून तो तिच्या खाटेखाली ठेवायचा आणि संध्याकाळी परतायचा.

मला तिचं अंग ओल्या फडक्यानं पुसून दाखवायचं होतं. वॉर्डातलं पिंप आधीच्या मुलींनी तळापर्यंत खरवडलं होतं. बाहेरगावच्या परीक्षक मॅडम दोन खाटांच्या अंतरावर आल्या होत्या. मी वाकून म्हणाले, "आजी, तुमचं पाणी घेऊ का? माझी परीक्षा हाय."

"घे की माय," ती म्हणाली.

मी अर्धं घ्यायला हवं होतं. अंग पुसायचं भांडं भरलेलं दिसावं म्हणून मी त्यात कळशी पालथी केली. हे मी घाबरून केलं, असं पुढं कित्येक वर्षं स्वतःला समजावत आले. खरं तर, अर्ध्या भांड्याला मार्क कापतील एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मॅडम आल्या आणि माझं तोंड सुरू झालं. एकही शब्द अडला नाही. हात पुसून झाले, पाठ पुसायला तिला कुशीवर वळवलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "घोटभर पाणी दे गं." ओठांना पापुद्रे आले होते. मला स्वच्छ ऐकू आलं. पाणी आणायचं तर खाट सोडून वॉर्डाबाहेर जावं लागणार होतं, आणि कळशी का रिकामी, हेही सांगावं लागणार होतं. मी तिचा खांदा थोपटला आणि मॅडमकडं बघून म्हणाले, "आय अ‍ॅम मेकिंग द पेशंट कम्फर्टेबल."

तिनं पुन्हा मागितलं नाही.

शेवटी मॅडमनी तिला मराठीत विचारलं, "काय आजी, ही मुलगी नीट बघते का? पाणीबिणी देते का वेळेवर?"

म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली.

"देती की," ती म्हणाली. "लई मायेनं करती."

मॅडम पुढच्या खाटेकडं वळल्या. दारात आमच्या ट्यूटर सिस्टर उभ्या होत्या. त्यांनी पाठीवर हात ठेवून पास झाल्याचं कानात सांगितलं. मैत्रिणींनी मला ओढतच समोरच्या हॉटेलात नेलं. मी भजी खाल्ली, हसले, घटाघट पाणी प्यायले. दुसरा ग्लास तोंडाला लावला तेव्हा म्हातारी आठवली. इतका वेळ ती मला आठवलीच नव्हती, याची लाज आजही जात नाही. पुढं नोकरीत मी शेकडो माणसांचं केलं, त्यानंही गेली नाही.

हॉटेलातलाच ग्लास भरून घेऊन मी धावत परत आले. तास उलटून गेला होता. मॅडम अजून वॉर्डाच्या पलीकडच्या टोकाला दुसऱ्या मुलीची परीक्षा घेत होत्या. म्हातारी डोळे मिटून पडली होती, जीभ टाळूला चिकटल्यासारखी झाली होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या उशाशी तांब्या भरलेला दिसत होता.

"आजी, यांच्याकडं तरी मागायचं की," मी म्हणाले.

"तिनं इचारलं असतं, तुझं पाणी कुठं गेलं म्हून," ती पुटपुटली. "ती परीक्षेवाली बाई अजून हितंच हाय. तुझं नाव निघालं असतं."

मी ग्लास पुढं केला. तिनं तो हातानं अडवला.

"पास झालीस का?"

"झाले."

"मग दे आता," ती म्हणाली आणि तोंड उघडलं.