अध्यक्षांच्या सत्काराचं पुस्तक

माझी माय म्हणते, ही पोरगी डूख धरणारी आहे. खरं आहे ते. कुणी शेपटीवर पाय दिला तर मी विसरत नाही, उलट विसरल्यासारखं दाखवते. मराठी शिकवणाऱ्या बाईला हे शोभत नाही असं लोक म्हणतील. म्हणोत बापडे. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा मी जो सूड घेतला, तो आठवला की आजही भाकरी थापता थापता मला एकटीलाच हसू येतं.

आमची शाळा केज तालुक्यातल्या एका गावात आहे. ग्रंथालय म्हणजे शिक्षकखोलीतलं एक लोखंडी कपाट. त्याची चावी माझ्याकडे असायची. पुस्तकं टिकावीत म्हणून सगळ्यांना मी खाकी कव्हरं घालून घेतलेली, पाठीवर फक्त नंबर. त्यामुळे आमच्या गावात पुस्तक तोंडावळ्यावरून कुणी ओळखत नाही. मुली येऊन विचारतात, "बाई, चाळीस नंबर आलं का माघारी?"

चाळीस नंबरला मागणी फार. वयात येणाऱ्या मुलींसाठी एका डॉक्टरबाईंनी लिहिलेलं ते पुस्तक. पाळी का येते, अंगावरून पांढरं गेलं तर घाबरायचं कधी आणि नाही कधी, असं सगळं साध्या भाषेत. मध्ये गर्भाशयाचं एक चित्र. आमच्या निम्म्या मुली दसरा झाला की आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात. तिकडे उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत राहायचं, आडोसा नाही, पाणी नाही, विचारावं असं माणूस नाही. म्हणून दसऱ्याच्या आत चाळीस नंबर प्रत्येक मोठ्या मुलीच्या हातून फिरवायचं, हा माझा नेम होता.

गेल्या वर्षी पावसाळ्यात एका मुलीच्या चुलत्यानं ते पुस्तक उघडलं. नेमकं चित्राचंच पान निघालं. त्यानं मोबाइलवर फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, साळंत पोरींना हे शिकवतात. चहाच्या टपरीवर दिवसभर तोच विषय. ज्यांनी दहावीनंतर कागदाला हात लावला नव्हता, ते पुस्तकांवर बोलायला लागले.

अध्यक्षांनी बैठक बोलावली. टेबलावर खाकी कव्हरातलं चाळीस नंबर ठेवलेलं होतं. त्याला कुणी बोट लावलं नाही, मेलेल्या उंदराकडे बघावं तसे सगळे बघत होते. मुख्याध्यापक पुटपुटले की पुस्तक शासनाच्या यादीतलं आहे. एक तरुण सदस्य म्हणाला, आईबापाची सही घेऊन द्यावं. त्यावर दुसरा उखडला, "सही कोण करंल बे? तुझ्या घरी नेऊन ठिव, मंग बघू." मी म्हणाले, आधी वाचा, मग बंदी घाला. दोन पानं तरी वाचा.

अध्यक्ष खुर्चीत रेलून बसले होते. म्हणाले, "बाई, तुमी शिकल्या-सवरल्या. पर आमच्या आयाबायांनी कुठं असली पुस्तकं वाचली? त्यांचं काय अडलं?"

तिथं माझं डोकं फिरलं.

हे अध्यक्ष म्हणजे पूर्वीचे मुकादम. कारखान्यासाठी तोडणीच्या टोळ्या जमवून नेणारे. माझे आईबाप त्यांच्याच टोळीत कोयता घेऊन गेलेले आणि मी लहान, आमच्या कोपीत भांडी राखत बसलेली. माझ्या मायला अंगावरून जायचं, कंबर धरायची, कधी कधी ती कामावर जाऊ शकायची नाही. त्याला तिकडे खाडा म्हणतात, आणि खाडा मुकादमाला खपत नाही. एक दिवस हा माणूस आमच्या कोपीच्या तोंडाशी उभा राहिला, आत न वाकता म्हणाला, "पिशवी काढून टाक. कटकट मिटंल. ठिवली तर सडून क्यान्सर होतो." पिशवी म्हणजे गर्भाशय. मायनं ते खरं मानलं, कारण खोटं कशाला म्हणायचं हेच तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यानंच जीप करून दिली. ती तेव्हा तिशीत होती. त्यानंतर तिच्या अंगातून वाफा निघायच्या, हाडं ठणकायची, आणि पस्तिशीत ती माझ्या आजीएवढी दिसायला लागली. आणि तोच माणूस आज माझ्यासमोर बसून विचारत होता की बायांचं काय अडलं. ज्यानं पिशव्या काढायला लावल्या, त्याला पिशवीचं चित्र घाण वाटत होतं.

ठराव झाला, चाळीस नंबर कपाटात बंद. कुठल्या मुलीच्या हातात दिसलं तर तिचा दाखला हातात देऊ, असं अध्यक्षांनी बजावलं. मी मान हलवली आणि घरी जाताना मनाशी ठरवलं, तुझ्याच हातानं तुझं तोंड काळं करीन.

अध्यक्षांना एका गोष्टीचं व्यसन होतं, सत्काराचं. आमच्याकडे कुणाचाही कशासाठीही सत्कार होतो. बोअरला पाणी लागलं तरी शाल, पोरगा पोलीस भरतीत पळाला तरी नारळ. हल्ली फुलांच्या गुच्छाऐवजी पुस्तक द्यायची पद्धत आली आहे. सत्कारमूर्तीनं कागद फाडायचा, पुस्तक छातीशी धरायचं, फोटो काढू द्यायचा. आत काय आहे ते बघायची मात्र रीत नाही. ते पुस्तक घरच्या काचेच्या कपाटात जाऊन बसतं आणि पुढच्या सत्काराची वाट बघतं.

मी अंबाजोगाईला जाऊन चाळीस नंबरची नवी कोरी प्रत आणली. मूळ कव्हरावर पिवळ्या रंगात जास्वंदीचं फूल. गावात कुणी ते कव्हर जन्मात पाहिलेलं नव्हतं, सगळ्यांना माहीत होतं ते खाकी.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं. सूत्रसंचालन माझ्याकडेच असतं. शाल झाली, नारळ झाला. मी माइकवर म्हणाले, "आता आपल्या लाडक्या अध्यक्षांना मुलींच्या आरोग्यावरचं एक मौलिक पुस्तक भेट देत आहोत. प्रत्येक मुलीनं ते वाचावं, असं आवाहन त्यांनीच आपल्या शब्दांत करावं, अशी मी त्यांना नम्र विनंती करते."

माइक दिसला की या माणसाला राहवत नाही. एका हातात पुस्तक, खांद्यावर शाल. म्हणाले, "पोरींनो, पुस्तक हेच धन हाय. हे पुस्तक घरोघर गेलं पायजेल. आयाबहिणींनी वाचलं पायजेल. मी सोता या कामाला कमी पडणार न्हाई." टाळ्या. सगळ्यात जास्त टाळ्या आठवी-नववीच्या मुलींच्या ओळीतून आल्या, कारण आत काय आहे हे त्यांना मी कार्यक्रमाच्या आधीच कुजबुजून ठेवलं होतं. मुख्याध्यापकांना नाव वाचून कळलं. त्यांचा चेहरा पडला, पण झेंड्याखाली उभं राहून ते बोलणार काय?

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. अध्यक्ष हसताहेत, छातीशी जास्वंद. मी कपाटातल्या खाकी चाळीस नंबरचं, तेच नाव असलेलं पहिलं पान मोबाइलवर काढलं आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी ग्रुपवर टाकले. वर काहीच लिहिलं नाही. दुपारपर्यंत टपरीवर लोक एकमेकांना विचारत होते, "काय, आज घरोघर न्यायचं का?" हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी त्या दिवशी पुरण घातलं.

अध्यक्ष तणतणत शाळेत आले. "तुमी मला भर गावात नागवं केलं, बाई."

"मी तर शाल घातली होती," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडून कपाटाची चावी काढून घेतली आणि खिशात टाकून घरी नेली. ग्रंथालयाचं कामही काढून घेतलं. जाताना म्हणाले, "कुजू द्या ते आतच." म्हणजे गाव हसलं, मी हसले, पण चाळीस नंबर आतच राहिलं, आणि दसरा जवळ येत होता. मधल्या सुट्टीत आठवीतली एक मुलगी माझ्या मागे मागे आली. म्हणाली, "बाई, औंदा मला बी कोयत्याला न्हेणार हायेत. ते पुस्तक न्हाईच का मिळायचं?" नवी प्रत आणून दिली असती, तर तिचा दाखला गेला असता. अध्यक्षांचं हसं झालं, हे सांगून तिचं काय भागणार होतं?

संध्याकाळी मी मायला पेपरातला फोटो दाखवला. वाटलं, ती तरी खूश होईल. तिनं फोटो लांब धरून पाहिला. मग म्हणाली, "ते चित्र कसलं हाय, ते दाव मला." ग्रुपवरचा तो फोटो माझ्या मोबाइलमध्ये होताच. मी मोठा करून दिला. मायनं पिशवीवर बोट ठेवलं.

"एवढीशीच असती व्हय?"

"मूठभर असते, माय."

"मला वाटलं लई मोठी आसंल." तिनं मोबाइल परत दिला. "आन माझ्या शेजारच्या खाटंवर त्याचीच बायकू व्हती. त्यानं तिची बी काढली त्याच टायमाला."

हे मला माहीत नव्हतं. मी तेव्हा दवाखान्यात मायच्या पायथ्याशी बसले होते आणि शेजारच्या खाटेवरची बाई मला कण्हणाऱ्या आवाजापुरतीच आठवते.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष कारखान्यावर गेलेले पाहून मी त्यांच्या घरी गेले. उगाच साळसूदपणा कशाला करू, त्या बाईच्या कळवळ्यानं मी गेले नव्हते. मला त्यांच्या घरात काडी लावायची होती. तुमच्या नवऱ्यानं तुमचं काय केलं, हे मला तिच्या तोंडावर सांगायचं होतं, आणि रात्री ती त्याच्या डोक्यावर तांब्या घालेल अशी माझी आशा होती.

ओसरीवर त्यांची बायको पाय पसरून बसली होती. कंबर गेलेल्या बाया बसतात तशी, माझी माय बसते तशी. शेजारी सत्काराची शाल घडी करून ठेवलेली, आणि तिच्यावर जास्वंदीचं पुस्तक. उघडं, चित्राचं पान वर.

"या बाई," ती म्हणाली. "सूनबाईनं समदं वाचून दावलं. दोनदा."

तिनं भिंतीला धरून उठायला वेळ लावला. आत गेली, खुंटीवरची चावी घेऊन आली आणि माझ्या हातावर ठेवली.

"पोरींना द्या. कुणी दाखला काढतो म्हणलं, तर मला बोलवा. मी साळंत येऊन बसते."

मी म्हणाले, "साहेबांना विचारलंत का?"

"माझी पिशवी काढताना मला कुणी ईचारलं व्हतं? मंग चावी देताना मी कुणाला कशाला ईचारू?"